व्रत आणि दीक्षा : फादर कोण, ब्रदर कोण?

मिशनच्या शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना फादर ठाऊक असतात, सिस्टर ठाऊक असतात. पण ब्रदर म्हणजे नेमके कोण, असे विचारले तर उत्तर चाचरत येते. बहुतेकांच्या मनात एक शिडी असते. खालच्या पायरीवर ब्रदर, त्यावर फादर, आणि त्याही वर बिशप. नेटाने अभ्यास केला, वरिष्ठांची मर्जी राखली, की एखाद्या कचेरीत कारकुनाचा हेडक्लार्क व्हावा तसा ब्रदरचा फादर होतो, अशी ही समजूत. मग जो ब्रदर साठीला येऊनही ब्रदरच राहिला तो कोठेतरी नापास झाला असला पाहिजे, हे ओघानेच आले. ही समजूत मुळातच चुकीची आहे. ती चूक का, आणि ती एवढी का पसरली, हे कळण्यासाठी या मंडळींचे शिक्षण कसे होते ते पाहावे लागते. प्रस्तुत लेखात मी तेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. या विषयाकडे माझे लक्ष गेले ते मंचेरियलमुळे. माझी थोरली बहीण तिकडे दिली आहे. दाजी सिंगरेणीच्या कोळसा खाणीत नोकरीला. त्यामुळे सुटीत तिकडे जाणे होते. बल्लारशाहून काझीपेठकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गोदावरीच्या डाव्या तीराला हे गाव आहे. जवळपास बेल्लमपल्ली, मंदमरी, श्रीरामपूर अशा खाणींच्या वसाहती. २०१६ सालच्या ११ ऑक्टोबरपर्यंत मंचेरियल आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या दिवशी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. बाजारात तेलुगू चालते, पण मराठी व उर्दूही कानावर पडतात आणि आसपासच्या पाड्यांतून आलेले लोक गोंडी बोलतात. आज महाराष्ट्रात असलेला राजुरा तालुका १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील मराठी घरांचे नवल वाटत नाही.

या गावात कॅथलिक बिशपांचे आसन आहे. धर्मप्रांताचे नाव आदिलाबाद, पण कॅथेड्रल मंचेरियलला. त्याचा इतिहास थोडक्यात असा. केरळातील सीरो-मलबार धर्मसभा, म्हणजे सेंट थॉमसपासून आपली परंपरा सांगणारे पौर्वात्य कॅथलिक, हिला केरळाबाहेर मिशनकार्याचे स्वतंत्र क्षेत्र मिळाले ते १९६२ साली, आणि तेही मराठी मुलखात, चांद्याला. चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव. ते काम कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट, अर्थात सी. एम. आय. या संघाकडे सोपवले गेले. फादर जानुआरियुस हे तेथील पहिले प्रमुख. १९७७ साली चांद्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला, त्याचे केंद्र बल्लारपूर. १९९९ साली त्याचे विभाजन होऊन आदिलाबाद वेगळा निघाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ कुन्नथ हेही याच संघाचे. तेव्हा या संघातील तरुणांच्या शिक्षणाविषयी बोलताना आपण एका अर्थी घरचीच गोष्ट बोलत आहोत. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील वाचकांनाही ती परकी नाही. १९५७ साली या संघाचे मोठे विद्यापीठ, धर्माराम कॉलेज, बंगळुरात आले आणि १९६९ साली तेथेच ख्राइस्ट कॉलेज निघाले, जे आज विद्यापीठ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कॅथलिक संघातील माणसाच्या आयुष्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक व्रत, दुसरी दीक्षा. मराठीत आपण संन्यासालाही दीक्षाच म्हणतो, म्हणून थोडा घोटाळा होतो; या लेखापुरता मी दीक्षा हा शब्द फक्त धर्मगुरुपदासाठी वापरतो.

व्रते तीन : ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. दारिद्र्य म्हणजे उपासमार नव्हे. स्वतःच्या नावाने काही बाळगायचे नाही. पगार मिळाला तर तो संघाच्या तिजोरीत जातो आणि चपला फाटल्या तर संघाकडे मागायच्या. आज्ञापालन म्हणजे उद्या बल्लारपूरहून आसिफाबादला जा म्हटले की ट्रंक भरायची. ही व्रते घेतलेला मनुष्य व्रतस्थ होतो, मग तो पुढे काहीही करो. दीक्षा ही याहून निराळी. बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळाल्यावरच मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे, आजाऱ्याला तैलाभ्यंग करणे हे अधिकार येतात. ती एका कार्यासाठी, एका समाजासाठी दिलेली जबाबदारी आहे.

या दोन गोष्टी एकमेकींवाचूनही असू शकतात. धर्मप्रांताचे धर्मगुरू दीक्षित असतात, पण व्रतस्थ संघाचे नसतात. ते अविवाहित राहतात, आपल्या बिशपांचे ऐकतात, परंतु दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, हे असे धर्मप्रांतीय धर्मगुरू होते. उलट ब्रदर हा व्रतस्थ असतो, पण दीक्षित नसतो. आणि संघातला फादर हा दोन्ही असतो. म्हणजे शिडी नाही. फार तर एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढता येतील. फादर आणि ब्रदर यांची व्रते अक्षरशः तीच असतात. असिसीचे संत फ्रान्सिस, ज्यांच्या नावाने जगभर हजारो फादर काम करतात, ते स्वतः कधी फादर झाले नाहीत, हे किती जणांना माहीत असते?

सी. एम. आय. संघाच्या जन्मातही हीच गोष्ट दिसते. ११ मे १८३१ रोजी कोट्टयमजवळ मन्नानमच्या टेकडीवर पहिल्या मठाची कोनशिला बसली. पालक्कल थोमा, पोरुकर थोमा आणि कुरियाकोस एलियास चावरा हे तिघे संस्थापक धर्मगुरू. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले चौथे गृहस्थ, कनियांतरा याकोब, हे ब्रदर होते. यांपैकी चावरा यांना २३ नोव्हेंबर २०१४ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले.

त्या काळी केरळात धर्मगुरूंचे शिक्षण कसे होई, हे मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण ती सरळसरळ गुरुकुल पद्धत होती. मलपान म्हणजे सुरियानी भाषेचा व धर्मशास्त्राचा गुरू. मुलाने त्याच्या घरी जाऊन राहायचे, त्याची सेवा करायची, प्रार्थना व ग्रंथ शिकायचे. चावरा स्वतः १८१८ पासून पालक्कल मलपानांकडे असे राहिले आणि १८२९ साली त्यांना दीक्षा मिळाली. युरोपात मात्र ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ सालीच प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी काढण्याचा ठराव केला होता, कारण अर्धशिक्षित धर्मगुरूंचा बोभाटा फार झाला होता. मन्नानमला १८३३ साली सेमिनरी सुरू झाली, तेव्हा गुरुकुल आणि सेमिनरी या दोन्ही परंपरा एकाच छपराखाली आल्या. आजच्या शिक्षणातही हे दोन धागे वेगळे ओळखता येतात. वर्ग, परीक्षा, पदव्या हा सेमिनरीचा भाग. आणि गुरूच्या सहवासात राहून त्याच्या नजरेखाली घडणे हा दुसरा.

समजा, मंचेरियलच्या एखाद्या मुलाने दहावी किंवा इंटर झाल्यावर संघात जायचे ठरवले. पहिली एकदोन वर्षे तो केवळ इच्छुक असतो. इंग्रजी सुधारणे, राहिलेले शालेय शिक्षण पुरे करणे, सामुदायिक जीवनाची सवय होणे, एवढेच त्यात अपेक्षित. त्यानंतर पूर्वतयारीचा काळ, आणि मग ज्याला नॉव्हिशिएट म्हणतात ते नवशिष्यवर्ष. कायद्याने मुलाची सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ते सुरू करता येत नाही.

हे वर्ष म्हणजे सगळ्या शिक्षणाचा कणा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. या काळात कॉलेज नाही, पदवी नाही, परीक्षा नाही. पहाटे उठणे, ध्यान, प्रार्थना, मिस्सा, न्याहारी, मग संघाचा इतिहास, नियम व व्रतांचा अर्थ यांचे तास; दुपारी बागेत, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात काम; संध्याकाळी पुन्हा प्रार्थना आणि रात्री मौन. नवशिष्यांचा एक गुरू नेमलेला असतो आणि त्याच्याशी प्रत्येकाचे नियमित एकांती बोलणे होते. ज्या वयात आपली मुले सेमिस्टर, इंटर्नशिप नि स्पर्धापरीक्षा यांच्या मागे धावत असतात, त्या वयात वर्षभर काहीही ‘मिळवायचे’ नाही, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. मला विचाराल तर हेच वर्ष सर्वांत अवघड असावे. पुढचे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र बुद्धीच्या जोरावर पार करता येते. गोठा झाडताना आपण कोण आहोत याला तोंड देणे बुद्धीच्या जोरावर होत नाही.

आपल्याकडच्या परंपरांशी ताडून पाहिले तर हे अगदी अनोळखी नाही. बौद्ध संघात श्रामणेर आधी, भिक्खू मागाहून. रामकृष्ण मठातही ब्रह्मचारी म्हणून वर्षानुवर्षे काढल्यावरच संन्यास मिळतो. माणसाला घाईने बांधून घेऊ नये, हे शहाणपण सगळ्यांनाच सुचलेले दिसते.

नवशिष्यवर्ष संपले की पहिली व्रते होतात, पण ती मुदतीची. ठराविक काळाने ती पुन्हा घ्यायची. अशी किमान तीन वर्षे गेल्याशिवाय कायमची व्रते घेता येत नाहीत, आणि सामान्यतः सहा वर्षांपलीकडे हा काळ लांबवत नाहीत. ज्याला फादर व्हायचे आहे त्याचा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. बहुतेक जण आधी एखादी विद्यापीठीय पदवी घेतात. मग दोनतीन वर्षे तत्त्वज्ञान : त्यात प्लेटो, ॲरिस्टॉटल, थॉमस अक्वायनस येतात, तसेच सांख्य, न्याय आणि वेदान्तही येतात. त्यानंतर एखाददोन वर्षे पुस्तके मिटवून शाळेत, वसतिगृहात किंवा खेड्यातल्या केंद्रावर प्रत्यक्ष काम. मग पुन्हा वर्गात येऊन तीनचार वर्षे धर्मशास्त्र : बायबल, धर्मसभेचा इतिहास, नीतिशास्त्र, उपासनाविधी, कायदा. वाटेत कायमची व्रते. मग उपयाजकाची दीक्षा, ज्याला डीकन म्हणतात. आणि सरतेशेवटी धर्मगुरूची दीक्षा. पौर्वात्य कायद्याप्रमाणे धर्मगुरूचे वय किमान २४ लागते, लॅटिन कायद्याप्रमाणे २५. प्रत्यक्षात सारे मिळून बारा-तेरा वर्षे लागतात. आपण ज्याला एक तप म्हणतो, तेवढा हा काळ.

आणि इथेच त्या शिडीच्या समजुतीचे मूळ सापडते. या तपभर शिकणाऱ्या प्रत्येकाला लोक काय म्हणून हाक मारतात? ब्रदर. पहिल्या व्रतांपासून दीक्षेपर्यंत सगळेच ब्रदर. कामाच्या वर्षासाठी मंचेरियलच्या एखाद्या शाळेवर येणारा तरुणही ब्रदर, आणि त्याच आवारात तीस वर्षे वसतिगृह सांभाळणारा वयस्कही ब्रदर. पहिला काही वर्षांनी फादर होऊन पेढे वाटायला येतो, दुसरा आहे तिथेच राहतो. पाहणाऱ्याने शिडी रचली नाही तरच नवल.

ज्याला ब्रदर म्हणूनच राहायचे असते त्याची वाट पहिल्या व्रतांपर्यंत इतरांसारखीच असते. तेच नवशिष्यवर्ष, तीच व्रते, तेच मौन. पुढे ती वेगळी होते. त्याला तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम सक्तीचा नसतो. थोडे धर्मशास्त्र सर्वांनाच असते; पण मुख्यतः ज्या कामासाठी तो आहे त्याचे शिक्षण त्याला देतात. कोणी अध्यापनाची पदवी घेतो, कोणी नर्सिंग वा फार्मसी, कोणी शेती, कोणी हिशेबशास्त्र, कोणी विजेचे किंवा छपाईचे काम. कायमची व्रते घेतली की त्याची वाट पूर्ण होते. तिच्या पुढे काही राहिलेले नसते.

बहिणीच्या शेजारी राजुऱ्याकडचे एक कॅथलिक कुटुंब राहते. त्यांचा धाकटा मुलगा इंटर झाल्यावर संघात जायला निघाला, तेव्हा घरात फारशी खळखळ झाली नाही. परंतु मला ब्रदरच व्हायचे आहे, असे त्याने सांगताच वडील बिघडले. “मंग फादरच हो नं! अर्ध्यावर कायले थांबतं?” असा त्यांचा सवाल. आईची तक्रार निराळी होती. दीक्षेचा सोहळा म्हणजे लग्नासारखा. मांडव, बँड, गावजेवण, मुलाच्या हातची पहिली मिस्सा. ब्रदरच्या व्रतांना असे काही नसते. मुलाचे म्हणणे एवढेच होते की त्याला मोटारी आणि पंप दुरुस्त करायला आवडते, मुलांना ते शिकवायला आवडते, आणि प्रवचन करायला अजिबात आवडत नाही. मला त्याचे उत्तर पुरेसे वाटले. त्याच्या वडिलांना वाटले नाही.

त्या वडिलांना दोष देण्याचे मात्र कारण नाही, कारण खुद्द धर्मसभेनेच ही उच्चनीचता शेकडो वर्षे पोसली. मध्ययुगीन युरोपात मठांमध्ये दोन वर्ग पडले. लॅटिन जाणणारे, स्तोत्रे गाणारे आणि बहुधा दीक्षित असे एका बाजूला. शेत, गिरणी, भटारखाना सांभाळणारे निरक्षर बंधू दुसऱ्या बाजूला. बसायच्या जागा निराळ्या, मठाच्या निवडणुकीत मत नाही. हीच रीत पुढे अनेक संघांत कमीअधिक फरकाने चालू राहिली. आपल्या जातिव्यवस्थेवर बोट ठेवणाऱ्यांच्या घरात हे होते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. पण त्या काळातही ब्रदरांनी जे केले ते थक्क करणारे आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सेंट पॉल कॉलेजात चालू झाला, तो चालवणारा हुआन दे बुस्तामांते हा येशूसंघाचा ब्रदर होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, ते याच वारशामुळे. स्टीफन्स यांचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात आहे. बुस्तामांते याचे नाव मराठीच्या किती प्राध्यापकांना सांगता येईल? गोव्यातूनच संघात शिरलेला बेंतो दे गोइश हा दुसरा ब्रदर, आग्र्याहून अफगाणिस्तान व मध्य आशिया ओलांडून खुष्कीच्या मार्गाने चीनपर्यंत पोचला आणि १६०७ साली तिथेच वारला. जुन्या प्रवाशांचे ‘कॅथे’ म्हणजेच चीन, हे त्याच्या प्रवासाने पक्के झाले. आणि सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाक करणारा, म्हातारपणी वहाणा शिवणारा ब्रदर लॉरेन्स याची पत्रे व संभाषणे आजही जगभर वाचली जातात.

काही संघ तर केवळ ब्रदरांचेच असतात. फ्रान्समध्ये १६८० च्या सुमारास गरीब मुलांच्या शाळांसाठी शिक्षकांचा संघ स्थापन करणारे जॉन बॅप्टिस्ट दी ला साल स्वतः फादर होते. तरी आपल्या संघात कोणी दीक्षा घेऊ नये असे त्यांनी ठरवले. वर्गातल्या मास्तराचे लक्ष वेदीकडे गेले की शाळा मागे पडते, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली व्रतस्थ जीवनाविषयी काढलेल्या निवेदनात ब्रदरांना संघाच्या जीवनात बरोबरीने सामावून घ्यावे असे सांगितले आणि दीक्षेवाचूनचे व्रतस्थ जीवन स्वतःमध्येच परिपूर्ण आहे असे मान्य केले. मग वेगळी बाके गेली, मताचा अधिकार आला. तरी एक भिंत उरली होती. ज्या संघांना कायदा धर्मगुरूंचे संघ म्हणतो त्यांत प्रमुखपदी ब्रदर बसू शकत नसे. पोप फ्रान्सिस यांनी १८ मे २०२२ च्या आदेशाने लॅटिन परंपरेच्या अशा संघांत ब्रदरलाही स्थानिक प्रमुख नेमण्याची मुभा दिली. त्याहून वरच्या पदासाठी मात्र रोमची लेखी परवानगी लागते. म्हणजे दार उघडले, पण साखळी ठेवून.

मंचेरियलला वसतिगृह सांभाळणाऱ्या एका वयस्क ब्रदरांची माझी ओळख आहे. मूळचे केरळचे, पण तेलुगू आणि मराठी दोन्ही सराईतपणे बोलतात. शेजाऱ्यांकडचा हा वाद त्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते हसले. म्हणाले, “सर, मला हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. नवीन पोरांचे पालक येतात, ऑफिस विचारतात. मी म्हणतो, बसा, मीच. तर म्हणतात, नाही, फादरना भेटायचंय.” मी विचारले, याचे वाईट वाटत नाही का? “पहिली दहा वर्षं वाटायचं,” ते म्हणाले, “आता फादर आले की त्यांनाच पालक विचारतात, ब्रदर कुठायत, पाण्याची मोटर बंद आहे.” एवढे बोलून ते खरोखरच मोटर पाहायला उठून गेले.

आता या शिक्षणाच्या एका नाजूक बाजूविषयी. या वाटेने निघालेले सगळे शेवटापर्यंत जात नाहीत. नवशिष्य कोणत्याही दिवशी निघून जाऊ शकतो, संघही त्याला परत पाठवू शकतो. मुदतीची व्रते संपली की ती पुन्हा न घेता बाहेर पडण्याची मोकळीक असते. कोणाला जबरदस्तीने, भीती घालून किंवा फसवून आत घेतले असेल तर तो प्रवेश कायद्याने मुळातच रद्द ठरतो. पौर्वात्य धर्मसभांची १९९० सालची कायदासंहिता आणखी एक गोष्ट सांगते. आई, वडील, आजा वा आजी हलाखीत असून त्यांना ज्याच्या आधाराची गरज आहे, अशा मुलाला घेऊ नये. मला हे कलम फार मोलाचे वाटते. देवाच्या नावाने म्हाताऱ्यांना उघड्यावर टाकण्याची सोय त्याने बंद केली आहे. शेजारच्या मुलाचीही या बाबतीत चौकशी झाली. थोरला भाऊ खाणीत कायम नोकरीला आहे असे दिसल्यावरच पुढची पावले पडली. मालमत्तेबद्दलही नियम आहेत. पहिल्या व्रतांपूर्वी आपल्या नावावरच्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवायचा, आणि कायमच्या व्रतांपूर्वी देशाच्या कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करायचे.

कायदा असा उदार असला तरी गाव उदार असतेच असे नाही. सात-आठ वर्षांनी परतलेल्या मुलाला ‘पळून आला’ हा शब्द ऐकावा लागतो. त्याच्या बरोबरीची मुले तोवर नोकरीत स्थिरावलेली असतात. नवशिष्यवर्षाचे कोठले प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडता येत नाही. या मुलांना आत असतानाच विद्यापीठाची पदवी मिळवून देण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा हाही एक फायदा. बाहेर पडणारा अगदी रिकाम्या हाताने पडत नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूंच्या शिक्षणाचे चार भाग सांगितले : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाकार्याचा. यांत ‘मानवी’ला त्यांनी पाया म्हटले. बाहेर पडलेले जे दोनतीन जण मला भेटले आहेत, ते उत्तम शिक्षक आहेत. वर्गात येण्यापूर्वी पाच मिनिटे गप्प बसून राहण्याची सवय त्यांची सुटलेली नाही.

भाषेचा प्रश्नही आहे, आणि तो आपल्या सीमाभागातल्या वाचकांना विशेष जाणवेल. या संघाचे चांदा-आदिलाबादकडे आलेले पहिले लोक केरळचे होते. त्यांना मराठी, तेलुगू शून्यापासून शिकावी लागली. आज आदिलाबादकडचा मुलगा उलट्या दिशेने जातो. घरी मराठी, शाळेत तेलुगू, संघात इंग्रजी, सोबत्यांकडून थोडी मल्याळम, आणि बंगळुरात अभ्यासाला गेला तर कानडी. एखाद्या भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा दहा मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करावा असे मला वाटते. मात्र स्वप्न कोणत्या भाषेत पडते आणि प्रार्थना कोणत्या भाषेत सुचते, हे त्यातल्या काहींना विचारले तर ते थबकतात.

शेजारच्या मुलाने नवशिष्यवर्ष पुरे करून गेल्या उन्हाळ्यात पहिली व्रते घेतली. समारंभ साधा होता. आई-वडील दोघेही गेले होते. सध्या तो विजेच्या कामाची पदविका करतो आहे आणि सुटीत वसतिगृहाच्या मुलांना मोटर गुंडाळायला शिकवतो. कायमच्या व्रतांना अजून दोन वर्षे तरी अवकाश आहे. वडील ओळखीच्यांना सांगतात, “पोरगा ब्रदर आहे,” आणि समोरच्याने “मग फादर कधी?” म्हटले की त्याला उत्तर द्यायला बायकोला पुढे करतात.